ब्रेक ऑइल आणि भला माणूस

सेकंडहँड गाडी दारात आली की आधी पेढे वाटावेत की आधी ऑइल बदलावं, याबद्दल आपल्या शास्त्रात स्पष्ट आज्ञा नाही. चाकाखाली लिंबू ठेवावं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढावं, नारळ फोडावा (गाडीपुढे, गाडीवर नव्हे), इथपर्यंत परंपरा आपल्याला हाताला धरून नेते. पण ते बॉनेट उघडल्यावर आत काय करायचं, या मुद्द्यावर ती एकदम मौन धरते.

परवा माझ्या पुतणीने जुनी गाडी घेतली आणि मला फोन केला. माझ्याकडे गाडीविषयी सल्ला मागणारी ती घरातली शेवटची व्यक्ती असल्यामुळे मी तिच्यावर विशेष माया करतो. ती म्हणाली, "काका, मालक म्हणतात की सगळी ऑइलं नुकतीच बदललीत. माणूस अगदी चांगला आहे हो. मग मी कुठली बदलू आणि कुठली राहू देऊ?"

कुठल्याही गॅरेजवाल्याने या प्रश्नाचं उत्तर दोन मिनिटांत दिलं असतं. मला त्याचं उत्तर मिळायला अकरा वर्षं, एक फियाट, एक एस.टी. आणि एक कर्नाळा लागला. म्हणून मी तिला म्हटलं, "जरा बस. चहा घे. मग सांगतो."

गोष्ट १९८४ सालची. मी तेव्हा पनवेलला एका बँकेत कॅशियर होतो. नवी फियाट नोंदवायची आणि ती येईपर्यंत मुलगा कॉलेजात जातो की काय याची वाट पाहायची, असा तो काळ. १९८३च्या डिसेंबरात मारुती अवतरली होती, पण तिच्याही देवळापुढे रांग होतीच. तेव्हा आमच्यासारख्याला गाडी म्हणजे जुनीच. आणि जुन्या गाड्यांच्या जगात त्या वेळी एक मंत्र होता : 'पारशी मालकाची'. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींत हे दोन शब्द असले की किंमत आपोआप वाढायची. स्थळाच्या बाबतीत 'मुलगा परदेशी असतो' या वाक्याला जे वजन, तेच इथे.

आमची गाडी खरोखरच पारशी मालकाची होती. दादरच्या पारशी कॉलनीत राहणारे एक वृद्ध गृहस्थ. त्यांनी मला गाडीबरोबर एक वही दिली. तिच्यात गेल्या नऊ वर्षांतलं गाडीचं संपूर्ण चरित्र होतं. इंजिन ऑइल कधी बदललं, पंक्चर कुठे झालं, हॉर्नचा आवाज कधी बसला आणि कशाने सुटला. एका पानावर तर 'कावळ्याने घाण केली, धुतली' अशी तारीखवार नोंद होती. मी भारावून वही चाळत असताना बावाजी म्हणाले, "डिकरा, जे केला ते लिहिला. जे नाय लिहिला, ते नाय केला."

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकायला हवं होतं. पण माणूस आवडला की आपण त्याचं बोलणं ऐकत नाही, नुसती मान डोलावतो.

गाडी पनवेलला आणली आणि सल्लागार जमले. पहिले आमचे गॅरेजवाले उस्ताद. त्यांचं मत सोपं होतं. "साहेब, सगळं खाली काढू. जुन्या मालकाचा एक थेंब ठेवायचा नाही." मी कॉलेजात तत्त्वज्ञान हा विषय घेतला होता (तो तास सकाळी असायचा आणि दुपार मोकळी मिळायची), त्यामुळे उस्तादांचं बोलणं मला ओळखीचं वाटलं. सतराव्या शतकात देकार्त नावाच्या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने हेच सांगितलं होतं. टोपलीत काही सफरचंदं किडकी असल्याचा संशय असेल तर शहाण्या माणसाने आख्खी टोपली उपडी करावी आणि एकेक फळ पारखून परत भरावं. आपल्या मतांचंही तसंच करावं. विचार थोर आहे. फक्त देकार्तच्या टोपलीला खाली नट नव्हता, आणि ती उपडी करण्याची मजुरी कुणी मागत नव्हतं.

दुसरे शेजारचे अप्पा. ते म्हणाले, "चालत्या गाडीला हात लावू नये. जुन्या तेलाची इंजिनाला सवय झालेली असते. नवं घातलंस की गळायला लागेल." यात थोडं तथ्य आहे हे मला पुढे कळलं. वर्षानुवर्षं साठलेला गाळ कधी कधी झिजलेल्या सिलांना बूच मारून बसलेला असतो. नव्या तेलाने तो धुऊन निघाला की तिथून पाझर सुरू होतो. पण म्हणजे गळती आधीपासूनच होती, फक्त घाणीने तिची अब्रू राखली होती. अप्पांनी आयुष्यात याच तत्त्वावर नोकरी आणि भाऊबंदकी दोन्ही चालवली होती, त्यामुळे मी वाद घातला नाही.

तिसरं मत घरातून आलं. ही म्हणाली, "अहो, एवढी सगळी तेलं बदलल्यावर गाडी त्या बावाजींची राहील की आपली होईल?"

तिला कल्पना नव्हती, पण दोन हजार वर्षांपूर्वीचा एक मोठा वाद तिने स्वयंपाकघरातून सहज उकरून काढला होता. 'मिलिंदपन्ह' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला, म्हणजे ग्रीक राजा मिनँडरला, विचारतो : महाराज, आपण रथातून आलात, तर आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो आणि शेवटी कबूल करतो की या साऱ्यांच्या जुळणीला आपण 'रथ' असं नाव देतो, एवढंच. नागसेनाने तेलाविषयी विचारलं नाही. विचारलं असतं तर राजाने सारथ्याकडे बोट दाखवलं असतं.

शेवटी निर्णय मी घेतला आणि तो माझ्या धंद्याच्या सवयीने घेतला. मी कॅशियर. मळकी नोट बाजूला काढायची, कोरी नोट ठेवायची. मी तेलांकडेही त्याच नजरेने पाहिलं.

इंजिन ऑइल पट्टीवर पाहिलं, काळंकुट्ट. बाहेर! रेडिएटरमधलं पाणी गंजाने तांबडं झालेलं. बाहेर! (त्या काळी कूलंटचे लाड नव्हते, आमच्या गावच्या गाढी नदीचं पाणी आमच्या गाडीत गेलं.) गिअर ऑइलला असा काही वास होता की ते कुजलंय याबद्दल माझी खात्रीच पटली. बाहेर! उस्तादांनी नव्या तेलाचा डबा उघडला तर त्यालाही तोच वास. त्यात गंधकाची मिश्रणं असतात आणि तो वास जन्मजात असतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी उस्तादांना म्हटलं, "हेही कुजलेलं दिसतंय." त्यानंतर ते माझ्याशी आठवडाभर जरा जपूनच बोलत होते.

राहिलं ब्रेक ऑइल. डबीचं झाकण उघडलं तर आत मधासारखं स्वच्छ, सोनेरी. वर दृष्टीही लागू नये असं. ते बदलायचं म्हणजे दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकाशी लोळून नट सैल करायचा आणि चारही चाकांतून हवा काढत बसायचं. उस्ताद म्हणाले, "शनिवारी करू." मी म्हटलं, "असू द्या हो. चांगलं दिसतंय."

खरं म्हणजे कॅशियरच्या खुर्चीवर बसून मला इतकं तरी कळायला हवं होतं की मळकी नोट बहुधा खरी असते. दहा हजार हातांतून गेलेली असते, दहा हजार लोकांनी तिला पारखलेलं असतं. उजेडात धरून पाहायची असते ती करकरीत नोट. तेलांचंही तसंच. इंजिन ऑइल काळं होतं ते बऱ्याच वेळा काम करतं म्हणून. इंजिनातली काजळी धुऊन अंगावर घेणं हाच त्याचा धर्म. उलट ब्रेक ऑइल हवेतला ओलावा गुपचूप पिऊन घेतं आणि चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. डॉट ३ जातीचं ब्रेक ऑइल नवं असताना निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असं मानक आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हीच मर्यादा १४० अंशांवर येते. उकळलं की नळीत वाफ होते, आणि वाफेवर पाय दाबणं म्हणजे उशीवर पाय दाबणं. शिवाय ते पाणी आतून लोखंड गंजवतं, आणि गंजलेल्या सिलिंडरवर घासून आतलं रबर फाटतं. हे सगळं त्या मधाच्या पोटात चाललेलं असतं.

गणपतीच्या आदल्या दिवशी आम्ही पेणला मूर्ती आणायला गेलो. पेणची मूर्ती आणि तीही स्वतःच्या गाडीतून, म्हणजे मध्यमवर्गीय आयुष्याची परमावधीच! परतताना ही मागच्या सीटवर गणपती मांडीवर घेऊन, शेजारी सहा वर्षांचा मुलगा, आणि मुलाच्या मांडीवर उंदीर. खारपाड्याचा पूल ओलांडला, पाऊस भुरभुरत होता, आणि कर्नाळ्याची खिंड लागली. तेव्हाचा हा १७ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग. आता त्याला ६६ म्हणतात. दोन्ही बाजूंना अभयारण्याची हिरवी झाडी. हे पक्ष्यांचं अभयारण्य १९६८ सालचं. आम्ही "तो बघ, तो बघ" म्हणत पक्षी दाखवत होतो आणि मुलगा माकडं पाहत होता.

खिंड चढून पनवेलच्या बाजूला उतरायला लागलो. वळणापलीकडे एक ट्रक बंद पडलेला, त्याच्यामागे एस.टी. उभी. मी ब्रेकवर पाय ठेवला आणि पाय सरळ खाली गेला. जिन्याची एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसा.

त्यानंतरचे चार-पाच सेकंद मला आजही क्रमवार आठवतात. पेडल दोन-तीनदा दाबलं, थोडंसं काहीतरी लागलं. गिअर खाली आणला, इंजिन किंचाळलं. हँडब्रेक ओढला. डावं चाक रस्त्याकडेच्या चिखलात घातलं. गाडी एस.टी.च्या मागच्या बंपरपासून वीतभर अंतरावर थांबली. मागच्या सीटवर पूर्ण शांतता. मग मुलगा म्हणाला, "बाबा, उंदीर पडला."

मी मागे वळून पाहिलं. गणपती ठीक होता. ही त्याच्यावर ओणवी झाली होती, एक हात मूर्तीला आणि एक हात मुलाच्या छातीला आडवा. तो आडवा हात मी विसरलेलो नाही.

एस.टी.चा ड्रायव्हर उतरून आला. वाकून चाकाकडे पाहिलं. मागच्या उजव्या टायरच्या आतल्या बाजूने तेल ओघळत होतं. तो म्हणाला, "ब्रेक ऑइल कधी बदललंवतं?"

मी म्हटलं, "ते नाही. पण बाकी सगळं बदललंय."

"भाऊ, बाकीचं बिघडलं तर गाडी थांबती. हे बिघडलं तर थांबत नाही."

एवढं बोलून तो तंबाखू मळायला लागला. देकार्त आणि नागसेन यांच्यापैकी कुणालाच जे सांगता आलं नव्हतं ते त्याने एका चिमटीत सांगितलं. त्याच क्षणी ढग सरकले आणि कर्नाळ्याचा सुळका दिसला. हा सुळका हाताच्या अंगठ्यासारखा आहे हे भूगोलाच्या पुस्तकापासून ऐकत आलो होतो. पण तो अंगठा नसून ठेंगा आहे आणि तो मलाच दाखवलेला आहे, हे त्या दिवशी प्रथम कळलं. इंग्रज लोक या डोंगराला 'फनेल हिल' म्हणत, म्हणजे नरसाळ्याचा डोंगर. तेल ओतायचं नरसाळं! एवढं मोठं निसर्गाने रस्त्याच्या कडेला उपडं घालून ठेवलं होतं, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

गाडी दोरीने बांधून शिरढोणवरून, म्हणजे वासुदेव बळवंत फडक्यांच्या गावावरून, पनवेलला आणली. रात्री बावाजींची वही काढली. नऊ वर्षांची पानं उलटली. इंजिन ऑइल अठरा वेळा. कावळा एकदा. ब्रेक ऑइल एकदाही नाही. बावाजी माझ्याशी एका अक्षरानेही खोटं बोलले नव्हते. 'जे नाय लिहिला, ते नाय केला.' मीच त्यांच्या चांगुलपणाने ब्रेक ऑइल बदलून घेतलं होतं.

त्या रात्री मला माझ्याच काउंटरवरची पाटी आठवली. 'नोटा काउंटर सोडण्यापूर्वी मोजून घ्याव्यात.' रोज शेकडो लोक माझ्यासमोर नोटा मोजत आणि मला कधी अपमान वाटला नाही. मीही प्रत्येकाच्या मोजून घ्यायचो. देवळाचे पुजारी आले तरी मोजायचो आणि मॅनेजर आले तरी मोजायचो. मोजणं म्हणजे चोर म्हणणं नव्हे, हे कॅशियरइतकं कुणाला कळतं? मग गाडीच्या बाबतीत मी का मोजलं नाही? कारण मला वाटलं, संशय घेणं हे बावाजींच्या वहीवर थुंकण्यासारखं आहे. पण विश्वास ठेवायचा मोठेपणा मी दाखवला तो कुणाच्या जिवावर? इंजिन ऑइलच्या बाबतीत फसलो असतो तर माझा खिसा गेला असता, आणि खिशापुरतं उदार व्हायला माणूस मुखत्यार आहे. ब्रेकच्या बाबतीत मी उदार झालो ते सहा वर्षांच्या मुलाच्या छातीच्या जोरावर, आणि एस.टी.च्या मागच्या बाकावर डुलक्या काढणाऱ्या अनोळखी माणसांच्या. त्यांना कुणी विचारलं होतं?

पुढे एकदा मुलाला घेऊन मी कर्नाळ्याचा किल्ला चढलो. किल्ला म्हणजे सेकंडहँड मालाचा कळस! गुजरातचे सुलतान, अहमदनगरची निजामशाही, पोर्तुगीज, शिवाजी महाराज, मोगल, पेशवे आणि १८१८ साली इंग्रज. १६६५ साली पुरंदरच्या तहात जे तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यांत हा होता, आणि १६७० साली तो महाराजांनी परत घेतला. सुळक्याच्या पायथ्याशी खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. त्यांच्या काठावर बसून मला वाटलं, या प्रत्येक नव्या किल्लेदाराने पहिल्या दिवशी काय केलं असेल? बुरूज ढासळला असला तरी तो उद्या बांधता येतो, दरवाजाला रंग परवा देता येतो. पण टाक्यातलं पाणी त्याने त्याच दिवशी पाहिलं असणार. आधीचा किल्लेदार दुष्ट होता म्हणून नव्हे. संध्याकाळी माणसं ते पिणार होती म्हणून.

इथे ही गोष्ट संपली असती तर मी एक शहाणा झालेला माणूस म्हणून तुमच्यापुढे उभा राहिलो असतो. पण १९९५ साली मी ती गाडी विकली.

घेणारे पेणचे एक तरुण गुरुजी. आईला डोळे दाखवायला आठवड्या-पंधरवड्याला पनवेलला आणावं लागे, म्हणून गाडी हवी होती. त्यांनी सगळं पाहिलं आणि शेवटी विचारलं, "ब्रेक ऑइल कधी बदललंत?" मला त्यांच्या प्रश्नाचा इतका आनंद झाला की मी त्यांना खिंडीची सगळी कथा सांगितली, एस.टी.च्या ड्रायव्हरसकट. आणि शेवटी छातीवर हात ठेवून म्हणालो, "तेव्हापासून दर दोन वर्षांनी बदलतो. आत्ताचं गेल्याच वर्षी घातलंय. निश्चिंत राहा."

चार दिवसांनी टेबलाचा खण आवरताना उस्तादांचं बिल सापडलं. ब्रेक ऑइल १९९१ साली बदललं होतं. गेल्या वर्षी बदललं होतं ते गिअर ऑइल.

मी खोटं बोललो नव्हतो. शपथेवर सांगा म्हटलं असतं तर शपथ घेतली असती. हीच तर भानगड! सराईत लबाडाने थाप मारली असती तर गुरुजींना कुठेतरी वास आला असता. मी मनापासून सांगितलं होतं, डोळ्यांत डोळे घालून, आणि वर एक हृदयद्रावक कथा जोडून. माझ्या चांगुलपणाने त्या ओल्या तेलावर शिक्का मारला होता.

रात्री झोप येईना. कॉलेजातला सिसेरो आठवला. इ. स. पूर्व ४४ मध्ये त्याने आपल्या मुलाला उद्देशून कर्तव्यावर एक ग्रंथ लिहिला. त्यात एक प्रश्न आहे. एकाला घर विकायचंय. घराचं लाकूड कुजलंय, खोल्या-खोल्यांतून साप निघतात, आणि हे मालकाशिवाय कुणाला ठाऊक नाही. त्याने सांगावं का? डायोजिनीस नावाचा स्टोइक गुरू म्हणतो : न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे, गिऱ्हाइकाला डोळे आहेत. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो : वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्यापेक्षाही हे वाईट. सिसेरो शिष्याच्या बाजूने उभा राहतो. मी मात्र रात्री अकरा वाजेपर्यंत गुरूच्या बाजूने होतो. मी लपवलं कुठे? मला ठाऊकच नव्हतं! पैसे झाले, कागद झाले. आता कळवलं तर गुरुजी गाडीच्या प्रत्येक नटाविषयी शंका घेतील. आणि आत्तापर्यंत काही झालं नाही म्हणजे...

"बिल सापडेपर्यंत तुम्ही विसराळू होता," ही अंधारातून म्हणाली. मला वाटलं होतं ती झोपलीय. "आता गप्प बसलात तर काय व्हाल?"

गुरुजींकडे टेलिफोन नव्हता. पत्र पोचायला दोन-तीन दिवस, आणि दोन दिवसांनी आईची तारीख. सकाळी पहिल्या एस.टी.ने निघालो, पिशवीत ब्रेक ऑइलचा नवा डबा. एस.टी. कर्नाळा चढत होती तेव्हा मी समोरून येणारी प्रत्येक फियाट पाहत होतो. खिडकीतून सुळका दिसला. मी मान दुसरीकडे वळवली.

गुरुजी शाळेत निघाले होते. मी दारातच सगळं सांगून टाकलं. बिल दाखवलं, डबा पुढे केला. ते जरा ओशाळले. मग म्हणाले, "काका, तुम्ही एवढे आलात, पण... ते मी पहिल्याच दिवशी बदलून घेतलं. तुमच्यावर विश्वास नव्हता असं नाही हं! पण आई बसणार होती ना गाडीत."

खोटं कशाला सांगू, मला राग आला. सुटल्यासारखं नंतर वाटलं; आधी राग आला. छातीवर हात ठेवून सांगितलं होतं मी! एवढी कथा सांगितली होती! आणि या पोराने माझी पाठ वळताच... चहा घेतला, पण कडूच लागला. परतीच्या एस.टी.त खिडकीशी बसून मी खारपाड्यापर्यंत मनात त्याला सुनावत होतो. मग खिंड आली, उतार लागला, ते वळण आलं. आणि ध्यानात आलं की मी ज्या गोष्टीवर रागावलोय तिच्यामुळेच मी आज रात्री झोपणार आहे. त्याने माझा शब्द मोजून घेतला होता. मोजला नसता तर माझा प्रामाणिकपणा त्या म्हातारीला या वळणावर घेऊन आला असता. सुळका तसाच उभा होता. या वेळी तो ठेंगा नव्हता, शाबासकीचा अंगठा होता. अर्थात मला नव्हे. पेणच्या दिशेला.

हे सगळं मी पुतणीला सांगितलं. तिचा चहा केव्हाच संपला होता. ती म्हणाली, "बरं. पण बदलू काय?"

मी म्हटलं, इंजिन ऑइल फिल्टरसकट बदल. पैसे थोडे, आणि आपलं मोजमाप आजपासून सुरू होतं. कूलंट बदल; गंज रोखायचा त्याचा गुण वर्षांनी संपतो, आणि ते विषारी असतं, म्हणून जुनं मोरीत ओतू नकोस आणि लेकरांच्या हाती लागू देऊ नकोस. गिअरचं आणि स्टिअरिंगचं पाहून घे, गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते वाच. त्यात 'लाइफटाइम' असं लिहिलं असेल तर लाइफ कुणाचं, तेलाचं, गिअरबॉक्सचं की तुझं, एवढं विचार. काच पुसायचं पाणी बावाजींच्या काळचं असलं तरी चालेल. आणि ब्रेक ऑइल कुणालाही न विचारता बदल.

"पण काका, मालक खरंच चांगले आहेत. स्वतः म्हणाले, गेल्याच वर्षी बदललंय."

"छातीवर हात ठेवून म्हणाले?"

"हो."

"मग तर आजच बदल."

ती जरा गप्प राहिली. मग म्हणाली, "त्यांना कळलं तर राग येईल का?"

"येईल," मी म्हटलं. "कर्नाळ्यापर्यंत. पुढे उतार आहे."